अजून चढलं नाही

...नाही, पण तुम्हीच सांगा, पुस्तक समोर दिसतंय, काचेच्या कपाटात, हिरव्या पाठीचं, बाळाच्या वाढीवरचं, मी काचेला नाक लावून उभी, कडेवर श्रेया, तिनंही नाक लावलेलं, आणि आमचे ग्रंथपाल गेणभाऊ म्हणतात, "ते पुस्तक न्हाई वैनी." म्हटलं, "अहो, हे काय दिसतंय की!" तर म्हणतात, "दिसतंय व्हय, पन कॉम्प्युटरमधी न्हाई. अजून चढलं न्हाई."

आता दिसतंय ते नाही, आणि जे नाही त्यासाठी थांबायचं... असो.

तुम्हाला सांगते, दोन हजार पाच सालापर्यंत आमच्या गावचं वाचनालय बरं चाललं होतं. नाव विसरलात तरी चालायचं, "ते हो, त्यात ती शेवटी माहेरी जाते" एवढं म्हटलं की गेणभाऊ मागं न बघता हात घालून पुस्तक काढायचे. मग आला कॉम्प्युटर! नारायणगावाहून जीपमधून, टोमॅटोच्या क्रेटांमध्ये, दोन गोधड्यांत गुंडाळून... माझ्या लेकीला दवाखान्यातून आणलं तेव्हा एवढं नव्हतं हो कुणी गुंडाळलं! नारळ फुटला, हळद-कुंकू झालं, लिंबू-मिरची लटकली. अध्यक्ष हौशीराम अण्णा म्हणाले, "आजपासनं आपलं वाचनालय जगाला जोडलं!" जगाला म्हणजे कशाला, तर सरस्वतीच्या फोटोखाली लाल बल्ब लागायचा, त्या पॉइंटला. खोलीत चालू पॉइंट तेवढाच. बल्ब काढला, तिथून पिवळी वायर जमिनीवरून सगळी खोली ओलांडून टेबलापर्यंत. देवी अंधारात, कॉम्प्युटर उजेडात. ती वायर बघून माझ्या मनात आलं, यात कुणीतरी अडकणार. पण माझ्या मनात कशालाही बघून असंच येतं, त्यामुळं माझं मी मनावर घेत नाही.

आणि नियम काय, तर पुस्तक आधी कॉम्प्युटरमध्ये चढणार, मग लोकांना मिळणार. तोवर कपाटं बंद, चाव्या अण्णांकडं, "मधीच पुस्तकं हाल्ली तर मेळ लागायचा न्हाई!" पहिला मान धार्मिक पुस्तकांचा. मग कादंबऱ्या, मग शेती, मग नाटकं. आरोग्य सगळ्यात शेवटी. म्हणजे आमच्याकडं जसं असतं तसंच! गेणभाऊ एका बोटानं टाइप करणार, ते अक्षर सापडेपर्यंत लाइट जाणार.

आणि माझी श्रेया दीड वर्षाची झाली तरी चालत नव्हती.

बसायची, ढुंगणावर सरकायची, उभं करायला गेलं की पाय वर घ्यायची, फरशी तापली असावी तसे. डॉक्टर म्हणाले, "चालेल, वाट बघा." सासूबाई म्हणाल्या, "आगं, तुजा नवरा दोन वर्साचा व्हईस्तवर कडंवरच व्हता, आता बघ कसा मार्केटात पळतोय!" शेजारच्या इंद्रायणीकाकू भिंतीवरून रोज, "काय गं, चालती का? न्हाई? पायात दोष न्हाई ना गं काई? न्हाई, आपलं इचारलं." मी बी.ए. आहे हो, मानसशास्त्र घेऊन! बालविकासावर पानभर उत्तर लिहिलंय परीक्षेत. आता आठवतो तो फक्त प्रश्न.

म्हणून रोज वाचनालयात. "चढलं?" "न्हाई वैनी. म्या अजून कादंबऱ्यांतच हाय." "मी इथंच बसून वाचते." "कपाट कसं उघडू?" "बरं, तुम्हाला आठवतं का, मूल चालत नसेल तर काय करावं म्हणून लिहिलंय त्यात?" आठवत होतं हो गेणभाऊंना, तोंडावर दिसत होतं! पण म्हणाले, "वैनी, पैल्यासारखं तोंडी सांगनं बंद झालंय."

पहिल्यांदा राग यायचा. मग रडू यायचं. मग काहीच येईना. दूध आणायला जावं तशी जायचे, ऐकायचे, परत यायचे. अजून चढलं नाही.

आणि एक दिवस आरोग्याचं कपाट उघडलं! गेणभाऊ सकाळपासून टाइप करत होते, मी पोचले तेव्हा शेवटची फळी चालली होती. हिरवं पुस्तक उचललं, टक... टक... टक... आणि म्हणाले, "घ्या वैनी. चढलं!" पुस्तक हातात! श्रेयाला खाली सोडलं, अनुक्रमणिका उघडली, उशिरा चालणारी मुलं, हे काय, सापडलं... आणि सहज मान वर केली तर सरस्वतीखाली, भिंतीला टेकून, पिवळी वायर मुठीत धरून श्रेया उभी. उभी! मग एक पाऊल. मग आणखी एक. माझ्याकडं बघत, हसत, वायर ओढत... तिसऱ्या पावलाला पॉइंटातून पिन निघाली आणि स्क्रीन काळा!

"गेलं!" गेणभाऊ ओरडले, "आवो, आख्खं कपाट गेलं!" म्हटलं, "सेव्ह नव्हतं केलं?" तर म्हणतात, "सेव्ह म्या सांजच्यालाच करतो. दुकानदार दिवसा गल्ला मोजतो का?" अण्णा धावत आले, पेपर वाचणारे आले, सगळे त्या काळ्या काचेभोवती, पाठी आमच्याकडं. मी म्हटलं, "अण्णा, श्रेया चालली." "आगं पोरी, हितं कपाट गेलंय, अन् तुजं काय!"

मला वाटलं होतं, ती चालेल त्या दिवशी मी रडेन, पेढे वाटेन. मी वायर गुंडाळली. नीट, कोपराभोवती. श्रेया परत ढुंगणावर बसली होती. आणि गेणभाऊंनी हात पुढं केला, "वैनी, पुस्तक." "का?" "आता न्हाई ना ऱ्हायलं त्ये कॉम्प्युटरमधी." पुस्तक फळीवर, कपाटाला कुलूप.

घरी सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "कुनी बगितलं?" नवरा म्हणाला, "परत चालव बघू." मधोमध उभी केली, सगळे गोल करून बसले, टाळ्या वाजवल्या, खुळखुळा दाखवला... पाय वर! "तुला भास झाला असंल गं," नवरा म्हणाला, "झोप कुठाय तुला." आणि खरं सांगू? मलाही आता वाटायला लागलंय, तीन पावलं होती की दोनच?

आज सकाळी इंद्रायणीकाकू भिंतीवरून, "काय गं, चालती का पोरगी?"

म्हटलं, "चालली काकू. अजून चढलं नाही."