समोरून हुक

सौसरच्या शिलाईच्या दुकानात मी बायकोचे कपडे घ्यायला थांबलो होतो. माझ्या आधी रामाकोन्याच्या कलाबाई होत्या. कॅनडातल्या पोरीचे ब्लाउज त्या टेलर वच्छलाबाईकडे शिवायला टाकत होत्या.

“माप तेच ना, कलाबाई?”

“माप तेच. पण या खेपेस हुक समोरून लावा म्हणते दीपाली.”

“तिचे सारे ब्लाउज तं मी पाठीमागूनच शिवले. लग्नातले बी. तिलेच हौस होती.”

“तेच म्हणून राहिली मी. आता काहून समोरून?”

“फॅशन बदलली असन.”

“कायची फॅशन? गळा तोच, बाह्या त्याच, लटकन बी पाहिजेत. फक्त हुक समोर.”

“तुम्ही पुसलं नाही तिले?”

“पुसलं. ‘आई, आपल्या हातानं लावता येते’ म्हणे.”

“मंग बरोबर आहे ना.”

“आन् जावई काय करून राहिला घरी?”

“कामावर जात असन बाप्पा.”

“सकाळी फोन केला तं ड्युटीवर. रात्री केला तं झोपले. दिवाळीपासून तोंड नाही दिसलं त्याचं.”

“काहीबाही मनात आणू नका. करू मंग समोरून?”

“चार समोरून करा. एक पाठीमागून.”

“तिनं कुठं सांगितलं?”

“मी सांगून राहिली ना. आधी ते एकच पाठवतो. घालून पाठीकडून फोटो काढ म्हणतो. पाहतो, कोण लावून देते ते.”

“आन् फोटो नाही आला तं?”

“तं बाकीचे चार इथंच राहू द्या. घ्याले ये म्हणतो तिले.”