बिनशब्दाचा सूर

परवाच नवऱ्याला मूठमाती देऊन आलेली फ्राउक्ये बेकरीच्या रांगेत उभी होती. पुढे चर्चमध्ये गाणारी येल्त्ये आणि गाण्यांचे कागद संगणकावर बनवणारा वीबे. दोघांचं मागे लक्ष नव्हतं.

"मावशी, मी सूर एका ओळीत टाइप करतो, शब्द दुसऱ्या. जुळवतो संगणक."

"मग बिघडलं कुठे?"

"एक अक्षर दोन सुरांवर ओढायचं होतं. ती खूण राहिली. पुढचे सगळे शब्द एकेक सूर आधी आले."

"तरीच शेवटचा सूर रिकामा!"

"म्हणून सगळ्यांनी तोंड मिटून नुसतं गुणगुणायचं?"

"कागदावर नाही ते गाऊ नका, असं तूच बजावतोस."

"अहो, पण परवाच्या अंत्यविधीत! आजच दुरुस्त करतो."

फ्राउक्येने त्याच्या खांद्यावर बोट टेकवलं.

"त्याआधी तशीच एक प्रत बाजूला ठेव. माझ्या वेळी लागेल."