चेअरमनांची उदबत्ती

मंडळी, ऐका! जपून ठेवलेली वस्तू वेळेला कामी येते – ती जपली म्हणून, की योग्य जागी जपली म्हणून? नुसत्या माना डोलावू नका, उत्तर द्या!

एका दूध संघात दिगंबर टोणपे नावाचे साहेब होते. त्यांच्या ताब्यात राउटर. राउटर म्हणजे काय हो? दिवे मिचकावणारा डबा! गावोगावची केंद्रं, फाटकावरचा वजनकाटा, ऑफिस – सगळं त्यानं जोडलेलं. कोणाला आत घ्यायचं, कोणाला दारात उभं करायचं, सारी मांडणी त्याच्या पोटात. टोणपे दर गुरुवारी त्या मांडणीचा बॅकअप घेत. उपवासासारखा! आणि ठेवत कुठे? त्याच डब्यात!

हाताखालची रेश्मा मुल्ला म्हणाली, "साहेब, एक प्रत मी बाहेर काढून ठेवलीय."

"का? माझ्यावर विश्वास नाही? पुसून टाक!" – आणि तिची बदली थेट डोंगरावरच्या शीतकरण केंद्रात!

आली खंडेनवमी. डब्याला हळदकुंकू, झेंडूची माळ! चेअरमन अण्णांनी उदबत्ती पेटवली. खोचायची कुठं? डब्याच्या पाठीला बारीकसं भोक दिसलं. काय मापात बसली! अण्णांनी आरतीभर दाबून धरली. ते भोक रीसेटचं, हे टोणप्यांना ठाऊक होतं. पण चेअरमनना 'नको' म्हणायचं? नोकरी आहे की नाही माणसाला?

दिवे विझले. डबा कोरा! आतला बॅकअपही कोरा! फाटकावर टँकरची रांग, काटा मुका. आणि दूध काय थांबतंय? ते नासतं!

"टोणपे, बॅकअप आहे ना?"

"होता, अण्णा."

"कुठं?"

टोणप्यांनी डब्याकडे नुसतं बोट केलं.

मग फोन लागला – रेश्माला नव्हे हं, रेश्माताईंना!

"ताई, ती प्रत… पुसलीत?"

"तुम्हीच सांगितलं होतं, साहेब."

टोणपे फोन ठेवायलाच निघाले!

"पण पुसली नाही. पेनड्राइव्हवर आहे, आणते. आधी सांगा – अविश्वास म्हणून ठेवली होती का मी?"

फोन स्पीकरवर, ऑफिसचे कान टवकारलेले.

"नाही ताई. काळजी म्हणून."

"पुन्हा बोला, इथं रेंज नाही."

बोलले हो! मोठ्यानं बोलले! ताई स्कूटरवरून आल्या, काटा चालू झाला. पहिला टँकर तेवढा नासला.

हसलात? आता माझ्याकडे बघा. बायकोचं कौतुक – मनात! भावाशी समेट – मनात! देवाचं नाव – तेही मनातच, निवृत्तीनंतर काढू! अहो, हा देहाचा डबा कोरा झाला, तर ते सगळं कुणाकडं मागाल? घरी जाल तेव्हा एक तरी गोष्ट बाहेर काढा, दुसऱ्याच्या हाती ठेवा. सुरुवात इथंच करू. नाम मनात नको, मोठ्यानं – रामकृष्णहरी!