एका पेनड्राइव्हची उंची

शिक्षण खात्याच्या परिपत्रकाचा दावा असा : हा पेनड्राइव्ह लावताच प्रत्येक शाळेचा संगणक एकसारखा दिसेल. दावा खरा ठरला. पंचाईत तीच झाली. लोहाऱ्याच्या एसटी स्थानकावर, रांगेत माझ्यापुढे, तो पेनड्राइव्ह बनवणारे उमाशंकर आणि एका शाळेतल्या संगणकशिक्षिका शिवांजली उभे होते.

"सगळी सॉफ्टवेअर त्यातच हायत, मॅडम. कुठंबी लावा, तेच दिसतंय."

"दिसलं की. तुमचा लग्नाचा बायोडाटाबी तीस शाळांत दिसला."

"काढायचा राहिला."

"एक न्हाय, तीन हायत. भूमच्या स्थळाला उंची पाच फूट पाच, मुरुमच्या स्थळाला पाच-सहा, आमच्या घरी पाठवलेल्यात पाच-आठ."

"तुमी उंच हाव म्हणून..."

"रविवारी बघायला येताय. होकार कुठल्या फाइलीला देऊ?"

"खरी उंची पाच फूट तीन. ती कुठल्याच फाइलीत टाकली न्हाय."