पल्सच्या मशीनवरचा पहिला जॉइंट

न्हाई न्हाई, तुम्ही घ्या चहा, साहेब — माझा ऱ्हाऊ द्या तसाच, मला गार झाल्यावर लागतो. सवय हाय. आन् लाईट येईस्तवर शॉपमधी तरी काय करायचं? घाम पुसायचा. तुमच्या डायवरनं यवतच्या एसटीडीवरनं फोन केला म्हनला ना, म्हंजी पाटसला अडकला न्हाई तर येईलच मशीनचा टेम्पो कुरकुंभात. तवर मला एक सांगा — पन खरं सांगा, कंपनीचं सांगू नका. ही पल्सवाली वेल्डिंगची मशीन आमच्या मालकानं नेमकी कशापायी मागवली? म्हंजी तुम्हाला काय सांगून मागवली? जुनी टिग वेल्डिंगची हाय की. चालतीय की. हितल्या निम्म्या कंपन्यांत औषधाचं पानी ज्या पाइपातनं वाहतं, त्ये पाइप त्याच जुन्या मशीनवर ह्या नागसेनच्या हातानं जोडलेत. एक थेंब गळला न्हाई. मंग नवी कशाला?

कागद बघितला मी तुमचा, चकचकीत. करंट वर जातो, खाली येतो, वर जातो, खाली येतो — पातळ पाइप जळत न्हाई, जॉइंटवर खवले समदे सारखे पडत्यात. बरं. कुनाच्याबी हातानं सारखे पडत्यात, आसंच ना? मंग झालं की! आमच्यात जॉइंट बघून मानूस कळतो, साहेब — हा नागसेनमामाचा, हा सोपानरावाचा. सोपानरावाचे खवले मोठे, पसरट, त्याला जेवायच्या सुट्टीची घाई आसती. आता समदेच एकासारखे एक. मंग कोन नागसेन आन् कोन सोपानराव? कालचं कुनीबी पोर आनून उभं करा मशीनम्होरं, निम्म्या पगारात. न्हाई म्हनू नका लगेच. तुम्ही विकायला आलाय, तुम्ही न्हाईच म्हननार.

आन् त्यात ही मानाची भानगड. आमच्या शॉपची रीत आशी — नवी मशीन आली की थोरले मालक हौसराव आप्पा नारळ फोडनार, मालकीनबाई हळदकुंकू लावनार, आन् पहिलं काम करनार त्यो त्यांच्या घरचा मानूस. हायवेच्या कडंचं रान त्यांचं, शॉप त्यांचं, मान त्यांचा, आमची काय तक्रार न्हाई. ड्रिल आली तवा जावयानं पहिलं भोक पाडलं — वाकडं पाडलं — तरी समद्यांनी टाळ्या वाजवल्या, मीबी वाजवल्या. आन् आता सत्यजीत — आप्पांचा पोरगा, आता त्योच मालक — परवा समद्यांम्होरं म्हनतो, "मामा, ह्या मशीनवर पहिला जॉइंट तुमचा." का? आत्ताच का? इतकी वर्सं आठवलं न्हाई ते? खुटबावला जयंतीची कमान मी केली, लांबनं लोक बघाय आले, तवा ह्यांच्यातलं कुनी फिरकलं न्हाई. मी घरी जाऊन मंडळीला बोललो, करुणा, ह्यात कायतरी काळंबेरं हाय. ती म्हनली, तुम्हाला मान दिला तरी टोचतो. टोचतोच! मान द्यायचा म्हंजी काय, मानसाला मधोमध उभा करायचा — समद्यांना नीट दिसावं म्हनून.

काय दिसावं? काय न्हाई. बोलायची रीत आसती.

तुम्ही जानकार हाय म्हनून इचारतो. समजा — एक जन हाय. आमच्यातला न्हाई, तिकडं शिरूरकडं, कवठे येमाईला — त्याचा हात जरा हालतो. दारूनं न्हाई, दारूला शिवत न्हाई त्यो. नसांचं हाय म्हनला दौंडचा डाक्टर. तर त्यानं वेल्डिंगचा टॉर्च धरला की त्याच्या टोकाची टंगस्टनची सुई जाऊन वितळल्या पोलादाच्या रसात बुडती. बुडली की टोक गेलं, पुन्हा ग्राइंडरवर घासून टोक काढा, पुन्हा धरा, पुन्हा बुडती. आशी घासून घासून सुई बोटाच्या पेरायवढी ऱ्हाती. आता हे तुकडे कचऱ्यात टाकावं तर कुनाच्या तरी ध्यानात येनारच — ह्यालाच यवढ्या सुया का लागत्यात? म्हनून खिशात घालून घरी न्यायचे. डबा भरलाय घरी. करुणा इचारती, ह्या कसल्या सुया जमवताय म्हनून —

त्याच्या बायकोचं नावबी करुणाच हाय. आसत्यात की.

तर त्यो गडी आता टॉर्चच्या तोंडाचा कप पाइपावर टेकवूनच जॉइंट मारतो. कुनी इचारलं तर म्हनतो, मोठ्या कंपन्यांत आसंच करत्यात. करत्यात की न्हाई? करत्यात, तुम्हाला म्हाईत हाय. पन पाइपाच्या आडबाजूला, कोपऱ्यात, कप टेकायला जागा न्हाई, तिथं मरन हाय. तर माझं इचारनं यवढंच, ही पल्स त्याला सांभाळून घेईल का? करंट खाली येतो तेवढ्यात हात सावरंल, सुई वर येईल, आसं कायतरी? तुमच्या कागदावरचा त्योच भाग मी पुन्हा पुन्हा वाचला. खरं सांगू, ह्या टेम्पोची वाट समद्यांत जास्त मीच बघतोय — म्हंजी त्याच्यावतीनं.

न्हाई?

गरमी सांभाळती, हात न्हाई. बरं. सुई बुडायची ती बुडनारच. बरं झालं, खरं बोलला.

मंग आसं करा, साहेब. पहिला जॉइंट तुम्हीच मारा. म्हना, कंपनीचा नियम हाय, पहिल्यांदा कंपनीच्याच मानसानं चालवायची, न्हाई तर वारंटी जाती. मी म्हनंन, नियम हाय तर ऱ्हाऊ द्या. कुनाला राग न्हाई, लोभ न्हाई. यवढं करा. तिथं हार घातलेल्या मशीनम्होरं, आप्पांच्या, सोपानरावाच्या डोळ्यांदेखत सुई बुडली — म्हंजी झालंच की. ह्या हातावर घर उभं केलंय मी. हा हात गेला तर नागसेन कोन? गेटावर बसून गाड्या आत सोडनारा म्हातारा.

आसं का बघताय?

काय? कुनी इचारलं? सत्यजीतनं? कवा — ऑर्डर देतानाच? काय म्हनला त्यो, नीट सांगा, त्याच्याच शब्दांत सांगा. "एक जन हाय आमच्याकडं, त्याचा हात जरा हालतो" — आसंच? नाव घेतलं न्हाई? नक्की न्हाई घेतलं? आन् तुम्ही त्यालाबी सांगितलं, पल्सनं हात थांबत न्हाई… तरी घेतली? मंग?

टेम्पोत दुसरं खोकं हाय. हां. पाइप फिरवायची चकती. टॉर्च क्लॅम्पात, पाइप आपला गरागरा फिरनार, मानसानं नुसतं रसाकडं बघायचं आन् भरायची तार त्यात सोडायची, तीबी मनगट टेकवून. म्हंजी हाताला सुट्टीच दिली की त्यानं. न्हाई, तुम्ही त्याची बाजू घेऊ नका. "डोळा मला त्याचाच पायजे" म्हनला? डोळा! हात गेलाय हे त्यानं मनात धरलंच की आधी. ग्राइंडरवरनं कळलं आसंल. काचेच्या केबिनीतनं दिसतो ग्राइंडर. इतकं दिस रोज मला मामा मामा करत व्हता आन् तोंडातनं ब्र न्हाई काढला… तुम्हाला सांगतो, मला वाटायचं माझ्यावर पाळत हाय. व्हतीच की पाळत. व्हतीच.

नाव न्हाई घेतलं त्यानं.

ऐका — हार्न. आलाच टेम्पो. जावा तुम्ही, खोकी नीट उतरवून घ्या, आमची मानसं आपटत्यात. आन् ते वारंटीचं काय बोलू नका कुनाजवळ. ऱ्हाऊ द्या. मी आलोच. चहा पितो आन् येतो — गार झालाय, आता पितोच. जावा म्हनलं ना. हिकडं बघत थांबू नका, साहेब. मला दोन्ही हात लागत्यात कपाला. जावा.