ओळीशेजारचं नाव

— नाही, बस रे धम्मपाल, चहा घे आधी. माझ्या लेकीच्या, स्नेहलच्या ऑफिसातला तू, तुझ्यावर नाही ओरडत मी. पण मला सांग, कॉम्प्युटरांची घड्याळं जुळवणारं ते तुमचं सॉफ्टवेअर बिघडलं होतं का? नव्हतं. मग? कोडमधल्या कॉमेंटमध्ये स्पेलिंगच्या चुका होत्या तिच्या — होत्याच, मला काय नवीन आहे — पण कॉमेंट मशीन वाचतच नाही ना? माणसांसाठी असते ती. मग कुठलं माणूस अडलं होतं? आयुष्यभर बातमीदारी केली मी, मनमाडपासून सटाण्यापर्यंत. डेस्कवाल्यांनी माझी बातमी पार सोलून काढली, तरी वर नाव माझंच राहिलं. तुमच्यात उलटं. अख्खी ओळ तिची, अक्षर बदललंस तू एक — आणि ओळीशेजारी नाव तुझं. ही कुठली रीत? जुन्या नोंदींत तिचं नाव राहतं म्हणतोस. राहतं रे. आमच्या पेपरच्या फायलीही राहतात माळ्यावर — कोण चढतं?

मला कसं कळलं? बघतो ना रोज. तिनंच दाखवलं होतं कुठे बघायचं. सकाळी चहा झाला की ते ओळीशेजारी नावं असलेलं पान उघडतो. कोडमधलं ओ की ठो कळत नाही, नुसती नावं बघतो. स्नेहल, स्नेहल, स्नेहल — पार खालपर्यंत. वाटतं, आत्ताच खुर्चीतून पाणी प्यायला उठलीय. वर्षश्राद्ध व्हायचंय अजून, पण त्या पानावर — जाऊ दे. मग मधेमधे तुझं नाव दिसायला लागलं. आधी वाटलं, चष्मा बदलायला झाला. मग रोज थोडं थोडं — घरातलं तिचं सामान कुणी हलवतंय तसं.

आता माणसांसाठी लिहिलेली एकच ओळ राहिलीय तिची, अगदी खालची. इथं थांबा, उत्तर उशिरा येतं, पण येतं — असं लिहिलंय. मी थांबतो तिथं. म्हणजे — वाचतो. तेवढी राहू दे, एवढंच सांगायला बोलावलं तुला. चांगलं पोरगं आहेस, दवाखान्यात बसलास तिच्याजवळ, विसरलो नाही मी.

चहा तसाच ठेवलास. दे तो लॅपटॉप, आज पान उघडलंच नाही मी, तू येणार म्हणून. खाली घे. अजून खाली.

इथंही तुझंच नाव. कधी केलंस?

काल. बरं.

परत होती तशी लिहितोस? लिही. मग शेजारी नाव कुणाचं पडेल? — तेच म्हणतो मी.

राहू दे कप तिथंच. जाताना दार ओढून घे.