दोन हात चुना

आमची सुजाता किती हट्टी आहे ते ऐका. शिकली चित्रकला, पण लिहायची भिंतींवर वाक्यं. उल्हासनगरात आमच्या गल्लीच्या टोकाला नाला आहे. त्याच्या भिंतीवर तिने हातभर अक्षरांत लिहिलं, ‘ही नदी आहे.’ होतीच ती नदी, पण आम्ही सगळे नालाच म्हणायचो.

साहेबांचा वाढदिवस जवळ आलेला. शुभेच्छा लिहायला कार्यकर्त्यांनी त्या भिंतीला चुना मारला. तो वाळला न वाळला तोच सुजाताने पुन्हा लिहिलं, ‘ही नदी आहे.’ त्यांनी पुन्हा चुना मारला, हिने पुन्हा लिहिलं.

मग त्यांचा बंटी बादली घेऊन आला, तर ही ब्रश घेऊन आधीच तिथे बसलेली. मला वाटलं, आता राडा होणार.

बंटी म्हणाला, “मॅडम, ही नाल्यावरची भिंत अपनी बुक है. कितीदा पुसायचं?”

“पुसा ना. फक्त या वेळी दोन हात मारा. एका हातात खालचं जुनं दिसतं, माझी अक्षरं उठत नाहीत.”

बंटीने बादली खाली ठेवली आणि मोबाइल लावला. “साहेब, दुसरी भिंत बघू. ती नदीवरची राहू दे.”